खांबाजवळची फरशी आणि गुडघ्याबद्दलचं दुसरं मत

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. रीत म्हणून तसं लिहिलं, पण आठ अंगांपैकी गुडघे हे अंग सध्या जमिनीला लागायला तयार नाही, तेव्हा उरलेल्या सात अंगांनी केलेला हा नमस्कार पुरा धरून चाल. वहिनींनाही तो पोचव. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि आता त्यांना समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटासुद्धा दिसतो हे ऐकून बरं वाटलं. तुझी तब्येत कशी आहे? रक्तदाबाची गोळी नाश्ता झाल्यावर घेतोस की आठवण झाल्यावर? तुझे गुडघे कसे आहेत हे मी विचारत नाही. चौसष्टाव्या वर्षी तू अजून कामाला जातोस, फरशीवर गुडघे टेकतोस आणि कशाचाही आधार न घेता उठतोस, हे आमची ही मला दर आठवड्याला ऐकवते. तिने ते खालच्या मजल्यावरच्या शिंप्यालाही सांगून ठेवलंय.

पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे बघून तू ते आधी वहिनींकडे सरकवलं असशील. परत घे. हे तुलाच आहे. अकरा वर्षांत आपण दोघं एकमेकांशी जे काही बोललो ते एका पोस्टकार्डावर मावेल. माझ्या मुलीच्या लग्नात तू म्हणालास, "पंखा लाव." मी म्हणालो, "लावतो." आत्या गेली तेव्हा मी म्हणालो, "खुर्ची घे." तू म्हणालास, "नको, बरा आहे." बाकी सगळा कारभार ही आणि वहिनी दर मंगळवारी दुपारी फोनवरून बघतात, त्यामुळे माझ्या गुडघ्याची हकिकत तुझ्यापर्यंत पोचलेली आहेच. पण ती हिच्या तोंडची आहे. हिच्या म्हणण्याप्रमाणे मी दवाखान्यात रांगत होतो. मी रांगत नव्हतो. काय झालं ते तुला नीट, क्रमाने कळावं एवढ्याचसाठी हा कागद. फोन केला असता, पण फोनवर तू गप्प बसलास की मला पुढचं सुचत नाही.

सुरुवात गेल्या महिन्यात एका वकिलाच्या घरी झाली. बाहेरच्या दारापासून आत जाणारा अरुंद पॅसेज होता. आपण दोघांनी असे शेकडो केले, त्याच पद्धतीने केला: मापं दारापासून घेतली, काम आतून बाहेर आणलं. शेवटची फरशी उंबऱ्याशी बसवली, रबरी हातोडीने ठोकली, वर पाणसळ ठेवली, बुडबुडा बरोबर मधोमध. आणि उठायला गेलो तर उजवा गुडघा जागचा हलेना. पुढे ओल्या फरश्या, ज्यांच्यावर उद्या सकाळपर्यंत पाय द्यायचा नाही असं मीच घरातल्यांना दरडावून ठेवलेलं. मागे पायऱ्या. मी दारात असा काही बसलो होतो की वकिलीणबाई आत आणि कचेरीतून आलेले वकील बाहेर. वकील भला माणूस. दोनदा त्याने मला काखेत हात घालून उचलून पाहिलं, मग बॅग मांडीवर घेऊन पायरीवर माझ्या शेजारी बसला आणि मी त्याचा अशील असल्यासारखा विचारू लागला, की हे दुखणं नेमकं कधीपासून, आधी असं कधी झालं होतं का, आणि झालं असेल तर कुणाच्या देखत. मी सगळ्याला खरी उत्तरं दिली. अर्ध्या तासाने गुडघा आपला आपण सुटला आणि सुटताना असा कट्‌कन वाजला की वकिलाला वाटलं फरशी फुटली. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग तो गुडघाच आहे असं लक्षात आलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

घरी आल्यावर हिला काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण जिना चढतानाच पकडला गेलो. (आमचे जिने तुला ठाऊक आहेत. पंधरा पायऱ्या, त्यातली नववी बाकीच्यांपेक्षा अर्धा इंच उंच. ज्याने केली त्याला शोधतोय.) मग सुरू झाली लोकांची मतं. शिंप्याने गुडघ्यावर घट्ट बसणारी पट्टी शिवून दिली. ती इतकी घट्ट निघाली की पाऊल निळं पडलं. शेजारच्या मास्तरांनी रोज उलटं चालायला सांगितलं. मी दोन दिवस गच्चीवर उलटा चाललो आणि तिसऱ्या दिवशी वाळत घातलेल्या चादरीसकट त्यांच्याच अंगावर गेलो. हिची मैत्रीण म्हणाली वजन कमी करा. दादा, माझं वजन छप्पन्न किलो आहे, त्यातून आणखी कमी केलं तर उरेल काय, नुसता गुडघा? लोक ज्याला दुसरं मत म्हणतात ते माझ्या बाबतीत चौदावं होतं, हे हिने बोटांवर मोजून सिद्ध केलंय.

तर पहिले डॉक्टर. सात मजली नवं हॉस्पिटल, लिफ्टमध्ये आरसा, आणि चौथ्या मजल्यावर हे तरुण हाडांचे डॉक्टर. वागायला सभ्य, त्याबद्दल तक्रार नाही. एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, "काका, दोन हाडांच्या मधली गादी पार झिजलीय. हाडावर हाड घासतंय. सांधा बदलावा लागेल." मी म्हटलं, "हात तरी लावून बघा." त्यांनी हात लावून बघितला, आणि परत म्हणाले, "बदलावा लागेल." सगळं मिळून चार मिनिटं. आपण साधी मोरी बघायला गेलो तरी चार मिनिटांत सांगत नाही, उतार कुठे ते पाणी ओतून बघतो. मी मान खाली घातली, आणि मान खाली घातल्यामुळे मला ते दिसलं. दादा, दारात तुकडा. त्या एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात, डॉक्टरांच्या खोलीच्या ऐन दारात, चार बोटांचा कापलेला तुकडा बसवलेला! अख्खी फरशी दारात आणि तुकडे पलीकडच्या भिंतीला, कपाटाखाली, हे मी तुझ्याकडून पहिल्या दिवशी शिकलो, तेव्हा मला धड दाढीसुद्धा नव्हती. ज्या माणसाला रोज त्या तुकड्यावरून जाता-येता काही खुपत नाही, त्याच्या हातात मी माझा गुडघा कसा द्यायचा? घरी येऊन हिला म्हटलं, मला हे मत मान्य नाही. ती म्हणाली, का? मी म्हटलं, फरशी चुकलीय. ती उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी आपटत राहिली.

दुसरं मत घ्यायचं तर कुणाचं, याचा मी फार विचार केला, आणि गावातल्या सगळ्या हाडांच्या डॉक्टरांमधून जे निवडले ते तुला ओळखीचे आहेत. आपण दोघांनी मिळून शेवटचं काम केलं तो दवाखाना. ते म्हातारे डॉक्टर अजून रोज बसतात. (त्यांची निवड मी त्यांच्या अनुभवाकडे बघून केली. हिचा आरोप आहे की मी गुडघा दाखवायला नाही, फरशी बघायला गेलो. हा आरोप मंगळवारी तुमच्याकडे पोचला असणारच.) काम संपलं त्या दिवशी काय झालं ते तुलाही आठवतंय आणि मलाही, म्हणून थोडक्यात लिहितो. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायचा होता. तू नेहमीप्रमाणे हातोडीच्या दांड्याने सगळ्या फरश्या एकेक वाजवत आलास, खांबाजवळच्या फरशीशी थांबलास, आणि म्हणालास, ही पोकळ आहे, खाली माल नीट भरलेला नाही, काढून परत बसवायची. ती मी बसवलेली होती. मी म्हणालो भरीव आहे. तू म्हणालास, "आज टिकेल रे, पण वाजतेय." डॉक्टर तिथेच उभे होते. तेव्हा मी तुझ्या कानांबद्दल काहीतरी बोललो असेन. नक्की शब्द आता आठवत नाहीत. तू गुडघ्याखालचं गोणपाट उचललंस, त्याची चौपदरी घडी घातलीस, थापी धुतलीस, पुसलीस, आणि गेलास. त्यानंतर बावीस वर्षांची जोडी मोडली, तू तुझी कामं घेऊ लागलास आणि मी माझी. असो.

परवा सोमवारी मी आणि ही तिथे गेलो. बाहेरची खोली होती तशी आहे, फक्त खुर्च्या बदलल्यात. आपलं काम बघून सांगतो, एकही फरशी हललेली नाही, फटींच्या रेघा अजून दोरी धरल्यासारख्या सरळ. काउंटरवरच्या बाईंनी एक कागद भरायला दिला. त्यात प्रश्न होता, गुडघे टेकता येतात का? मी लिहिलं, अजिबात नाही. मग माझं लक्ष खांबाकडे गेलं. त्या फरशीवर नेमकी एक खुर्ची, आणि खुर्चीत एक गृहस्थ, ज्यांचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. त्यांना उठा म्हणता येईना. ते आत गेले तेव्हा मी उठेपर्यंत तिथे एक आजीबाई येऊन बसल्या. त्यांचा नंबर माझ्यानंतरचा होता, म्हणून मी त्यांना माझा नंबर दिला. त्या आशीर्वाद देत आत गेल्या आणि त्यांच्या जागी त्यांचा जावई बसला. तोही पेशंट निघाला, खांद्याचा. त्यालाही मी पुढे पाठवलं. काउंटरवरच्या बाई माझ्याकडे बघू लागल्या. हिने विचारलं, "तुम्हाला नक्की दाखवायचंय ना?" मी म्हटलं, घाई कसली आहे. असे मी चार पेशंट आत सोडले, आणि पाऊण वाजता त्या खोलीत मी, ही आणि काउंटरवरच्या बाई एवढेच उरलो.

आता पुढचं नीट वाच, कारण इथेच हिच्या सांगण्यात आणि माझ्या सांगण्यात फरक पडतो. मी खुर्ची बाजूला केली. डावा गुडघा आधी टेकला, मग खांबाला धरून उजवा. दुखलं. इतकं दुखलं की डोळ्यांत पाणी आलं, तुझ्यापासून काय लपवायचं. खिशातली घराची किल्ली काढली, फरशीला कान लावला आणि वाजवली. आधी शेजारची, मग ती, मग परत शेजारची, तू वाजवायचास तशी. ही म्हणत होती, "अहो उठा, उठा ना." मी उठणारच होतो, पण उजवा गुडघा वकिलाच्या दारात बसला होता तसाच परत बसला. वाजवता वाजवता खांब हातभर लांब राहिला होता. त्याला धरता यावं म्हणून मी दोन्ही हात जमिनीवर टेकून तेवढा जरा पुढे सरकलो. सरकणं वेगळं, रांगणं वेगळं. आणि त्याच वेळी केबिनचं दार उघडलं आणि डॉक्टर बाहेर आले, हातात माझा कागद. त्यांनी कागद वाचला, "गुडघे टेकता येतात का, अजिबात नाही." मग खाली माझ्याकडे बघितलं. मग परत कागदाकडे.

मी म्हटलं, "डॉक्टर, मला उठता येत नाहीये." ते म्हणाले, "मग मीच येतो." पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, त्यांनी पँट जरा वर ओढली, काउंटरला धरलं आणि टप्प्याटप्प्याने माझ्यासमोर जमिनीवर बसले. बसताना त्यांचे दोन्ही गुडघे असे वाजले की मला माझ्याबद्दल उगाच बरं वाटलं. त्यांनी मला तिथेच आडवं केलं आणि तिथेच तपासलं. गुडघ्यावर तळहात ठेवून पाय हळूहळू वाकवायचे, सरळ करायचे, आणि डोळे मिटून घ्यायचे. दादा, तू वाजवताना असेच डोळे मिटायचास. चार मिनिटं नाही, चांगला अर्धा तास गेला. खिशातून त्यांनी ती छोटी रबरी हातोडी काढली, गुडघ्यावर मारायची असते ती. त्यांचं मारून झाल्यावर मी ती मागून घेतली. आपल्या हातोडीपुढे खेळणंच, पण तोल चांगला आहे. आडव्याचा कुशीवर झालो आणि त्या हातोडीने ती फरशी परत वाजवून पाहिली. डॉक्टर म्हणाले, "काय निदान?" मी म्हटलं, "भरीव आहे." ते काही बोलले नाहीत. (हे तुझ्या माहितीसाठी लिहिलं. वाद उकरून काढायचा म्हणून नाही. भरीव आहे एवढंच.) त्यानंतर आम्हा दोघांनाही उठता येईना. काउंटरवरच्या बाईंनी आधी डॉक्टरांना उभं केलं, मग बाई, डॉक्टर आणि ही अशा तिघांनी मिळून मला. डॉक्टर बाईंना म्हणाले, पुढचा नंबर आणखी पाच मिनिटांनी सोडा, जरा दम घेऊ दे. बाई म्हणाल्या, पुढचा नंबर नाहीच, यांनी सगळे आधीच पाठवले.

केबिनमध्ये बसल्यावर डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, तोही शेवटी. म्हणाले, "त्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं ते अगदी बरोबर आहे. सांधा बदला. मी आता ऑपरेशन करत नाही, त्यांच्याकडूनच करून घ्या. हात चांगला आहे त्याचा, माझ्याच हाताखाली शिकला." मी त्यांना दारातल्या तुकड्याबद्दल सांगितलं. त्यांनी ते फार गंभीरपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फरशी त्याने बसवलेली नाही. गुडघा तो बसवेल." ही त्या दिवसापासून हे वाक्य घरात येईल-जाईल त्याला सांगते.

मग मी विचारलं, नंतर काय? ते म्हणाले, चालाल, जिने चढाल, खुर्चीवर बसून हवं ते कराल, दुखणं जाईल. मी म्हटलं, आणि काम? त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "गुडघे टेकून आता नाही. ते काम संपलं." असं सरळ सांगितलं. पहिल्या डॉक्टरांनी हे सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी तुकड्याकडे बघत होतो. मला एकदम काहीच ऐकू येईनासं झालं. हिने माझ्या पाठीवर हात ठेवला, चारचौघांत ती असलं कधी करत नाही. तेहेतीस वर्षं मी जग गुडघ्यांवरून बघितलंय दादा. मला लोकांच्या घरांची छतं आठवत नाहीत, भिंतींचे रंग आठवत नाहीत, पण कुणाच्या घरी कुठली फरशी कुठल्या कोपऱ्यात कापली ते विचार. आता उभा राहून मी काय करू? डॉक्टरांनी विचारलं, "गुडघ्याखाली काही घेत होतात का?" मी म्हटलं, मी नाही, माझा दादा घ्यायचा, गोणपाट, चार पदरी. मी त्याला हसायचो, म्हणायचो, दादा, गादीच आण की घरून. ते म्हणाले, "दादांचे गुडघे कसे आहेत?" मी म्हटलं, ठणठणीत. ही म्हणाली, "दर आठवड्याला सांगते मी यांना."

तर हे असं झालं. मी डॉक्टरांना विचार करून सांगतो म्हणालो आणि निघून आलो. विचार केला. गुडघा माझा आहे, तेहेतीस वर्षं चालला तसा आणखी दोन-चार वर्षं ढकलेन. एका पायावर बसून, छोटी छोटी कामं घेऊन. दोघा डॉक्टरांचं एक मत झालं म्हणून मी आपलं मत सोडावं असं कुठे आहे? तू यात पडू नकोस, आणि वहिनींनाही सांग की हिला फोनवर फार चिथावू नका. हे पत्र केवळ हकिकत कळावी म्हणून लिहिलं आहे, त्यात दुसरा कुठलाही हेतू नाही. उत्तर पाठवलंच पाहिजे असंही नाही. गोळी वेळेवर घेत जा.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. वरचा मजकूर काल लिहिला होता. आज सकाळी जिन्याच्या नवव्या पायरीवर पुन्हा अडकलो. शिंपी, मास्तर आणि दूधवाला अशा तिघांनी मिळून वर आणलं, आणि आणताना तिघांनी तीन मतं दिली. त्यानंतर ऑपरेशन ठरवलं. येत्या गुरुवारचा पुढचा गुरुवार, त्याच हॉस्पिटलात, दारात तुकडा असलेल्या. फोन मीच केला. ही शेजारी उभी होती हे खरं, पण नंबर मी फिरवला.

आणखी एक ता. क. त्या दवाखान्याच्या लॉटमधल्या दोन जादा फरश्या माझ्या पलंगाखाली आहेत. तूच म्हणायचास, दोन जास्तीच्या ठेवाव्यात, पुढे तोच रंग मिळत नाही. अकरा वर्षं झाडताना ही त्या बाहेर काढते आणि मी परत आत ढकलतो. काल काढून पुसल्या. एकीचाही कोपरा गेलेला नाही.

आता शेवटचं. यावर हिची नजर पडायच्या आत पाकीट बंद करणार आहे.

दादा, ती फरशी पोकळ आहे. किल्लीने वाजवली, हातोडीने वाजवली, उठवताना तिघांनी धरलं होतं तेव्हा चोरून बोटाच्या पेराने वाजवली. तिन्ही वेळा पोकळ. डॉक्टरांना मी भरीव म्हणालो तेव्हा ते काही बोलले नाहीत असं लिहिलंय, तेही खोटं. ते म्हणाले, "अकरा वर्षं मी आत बसून ऐकतोय. कुबडी घेऊन कुणी आलं की खांबाजवळ आवाज बदलतो. तुमच्या दादांचा कान बरोबर होता." आणि शब्द आठवत नाहीत हेसुद्धा खोटं. मी म्हणालो होतो, "दादाला हल्ली ऐकू कमी येतं, त्याचं मनावर घेऊ नका." परक्या माणसासमोर, तुझ्या देखत. मला त्याच दिवशी ऐकू आलं होतं. ती पोकळ वाजतेय हे तुझ्या आधी मला कळलं होतं, मी बसवली तेव्हाच. संध्याकाळ झाली होती, मला घरी जायचं होतं. एवढंच कारण होतं दादा, दुसरं काहीही नव्हतं. माझं चुकलं. तू पंखा लाव म्हणालास तेव्हाच मी हे सांगणार होतो, आणि मी खुर्ची घे म्हणालो तेव्हाही.

रविवारी दवाखाना बंद असतो, तेव्हा येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी ये. डॉक्टरांना विचारून ठेवलंय, ते दार उघडून देतील आणि स्वतः खुर्ची टाकून बघत बसणार आहेत. फरशी तू काढ, माल मी कालवतो, आणि बसव तूच. वाजवून मात्र दोघांनी बघू. त्यानंतरच्या गुरुवारपासून मला गुडघे टेकता येणार नाहीत, तेव्हा त्या रविवारी एकदा तुझ्या शेजारी टेकीन म्हणतो. उठवायला डॉक्टरांच्या भरवशावर राहता येत नाही, तू आहेस.

थापी माझ्याकडे आहे. गोणपाट तेवढं आण. दोन आण.